पिशव्यांची पिशवी

डोंबिवलीत राहून फोर्टात नोकरी करणाऱ्या बाईला बाजाराला जाणं असं वेगळं काही नसतं. तिचा बाजार येता-जाता होतो. ऑफिसातून व्हीटीकडे निघाल्यावर फुटपाथवर मेथी हिरवीगार दिसली, घेतली. डोंबिवलीला उतरून पूर्वेच्या जिन्याखाली टोमॅटो बरे मिळाले, घेतले. घराच्या वळणावर आठवलं की उद्या गुरुवार, मग फुलांची पुडी. यादी नाही, ठरवाठरवी नाही, म्हणून पिशवीही नाही. भाजीवाल्याने हुकाला अडकवलेल्या गठ्ठ्यातून झबला पिशवी ओढायची, बोटांनी चोळून तिचं तोंड उघडायचं आणि भरून माझ्या हातात द्यायची, हे इतक्या वेळा झालंय की घडताना लक्षातही यायचं नाही. ही सवय मोडायला मला जवळजवळ दीड दशक लागलं, आणि त्यातला बहुतेक काळ मी ती नको तिथे मोडत बसले होते.

सगळ्यात लाजिरवाणं आधीच सांगून टाकते. संध्याकाळच्या फास्ट गाडीत लेडीज डब्यात बसायला मिळालं की मांडीवर वर्तमानपत्र आणि त्यावर मेथीची जुडी, हा आम्हा बायकांचा शिरस्ता होता. दादर जाईपर्यंत गप्पा, आणि घाटकोपर यायच्या आत जुडी निवडून व्हायची. समोरची गवार मोडत असायची, कोपऱ्यातली मटार सोलत असायची. निवडलेली पानं एका पिशवीत, देठं आणि मुळं दुसऱ्या पिशवीत. ती दुसरी पिशवी गाठ मारून हातोहात दाराकडे सरकायची. दारात उभी असलेली कोणीतरी मुलगी पारसिकचा बोगदा गेला की ती बाहेर भिरकावायची. आम्ही सगळ्या घरात केराची टोपली रोज धुणाऱ्या बायका. त्या पिशवीचं पुढे काय होतं हे एकीनेही कधी विचारलं नाही. मीही नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या बंद. रात्र ऑफिसात टेबलावर डोकं ठेवून काढली आणि दुसऱ्या दिवशी काही जणी मिळून रुळांच्या कडेने चालत निघालो. कुर्ल्याच्या पुढे एका ठिकाणी पाणी ओसरत होतं आणि रुळांखालच्या मोरीचं तोंड उघडं पडलं होतं. त्याच्या गजांवर पिशव्यांचे इतके थर बसले होते की गज दिसतच नव्हते. निळ्या, गुलाबी, काळ्या. देठं केव्हाच कुजून गेली असणार, पिशव्या शाबूत होत्या. त्या दिवशीच्या पाण्याला कारणं पुष्कळ होती: समुद्राची भरती, मिठी नदीच्या पात्रातली अतिक्रमणं, ताशी २५ मिलिमीटर पाऊस कसाबसा वाहून नेणारी इंग्रजांच्या काळातली गटारं. पिशव्या हे त्यातलं एकच कारण. पण बाकीच्या कारणांमध्ये माझा हात नव्हता.

महिन्याभरातच राज्य सरकारने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी जाहीर केली. बांगलादेशाने १९८८ आणि १९९८ च्या पुरांत तुंबलेल्या गटारांचं कारण देऊन २००२ साली हेच केलं होतं, आणि तिथल्या बाजारातून पिशव्या काही गेल्या नाहीत. आपल्याकडची बंदीही २००६ च्या नियमांत उतरेपर्यंत ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांपुरती उरली. ५० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. भाजीवाल्याकडची पिशवी चिमटीत धरून तो कोण मोजणार? मी तर नाहीच मोजला. मी एकच सुधारणा केली: देठांची पिशवी गाडीतून फेकणं बंद केलं. ती घरी आणून केराच्या टोपलीत टाकू लागले आणि सुधारले, असं समजून चालले.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक मोठी पिशवी टांगलेली असायची. तिच्यात बाकीच्या सगळ्या पिशव्या. साडीच्या दुकानाची जाड, औषधांची छोटी, भाजीच्या चुरगळलेल्या, आणि दुधाच्या: आतून धुऊन, ओट्यामागच्या टाइलला चिकटवून वाळवलेल्या. मराठी घरांत हे दृश्य नवीन नाही. मला त्याचा अभिमान होता. आमच्याकडे काही वाया जात नाही, पिशवी तर नाहीच, असं मी पाहुण्यांना सांगायची. त्या पिशवीचं पोट मात्र कधी रिकामं झालेलं मी पाहिलं नाही. आत येणाऱ्या जास्त आणि बाहेर जाणाऱ्या कमी; आणि बाहेर जाणाऱ्याही केर भरूनच जायच्या. पुन्हा वापरली म्हणजे ती पिशवी फक्त एका दिवसाने उशिरा कचऱ्यात गेली, एवढाच त्याचा अर्थ होता.

आमच्याकडे येणारा भंगारवाला दुधाच्या पिशव्या किलोवर घ्यायचा. त्या जाड, एकाच जातीच्या आणि धुतलेल्या असल्या तर त्यांना गिऱ्हाईक आहे. (पिशवीचा कोपरा कापताना तो तुकडा पूर्ण तोडू नये, कारण तो नखाएवढा तुकडा कोणी वेचत नाही, हेही मला फार उशिरा कळलं. तोवर कोपरे मोरीतूनच वाहून गेले.) मी एकदा झबला पिशव्यांचा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो नुसता हातात तोलला आणि परत केला. या पिशव्या एका किलोला शेकड्यांनी लागतात. भाजीच्या ओलीने, मातीने माखलेल्या. त्या वेचून, धुऊन, वाळवून जे पैसे येणार त्यात वेचणारीचा दिवस भरत नाही, म्हणून ती त्या रस्त्यावरच सोडते. केंद्राच्या नियमांत मायक्रॉन चढत गेले त्यामागे हेही एक कारण आहे: १९९९ ला २०, २०११ ला ४०, २०१६ ला ५०, सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि २०२२ च्या शेवटापासून १२०. जाड पिशवी दुकानदाराला फुकट द्यायला परवडत नाही आणि वेचणारीला उचलायला परवडते.

माझ्या सासूबाईंना यातलं काही माहीत असायची गरज पडली नाही. त्यांच्याकडे दोन मांजरपाटाच्या पिशव्या आणि एक हिरव्या-लाल वायरची विणलेली पिशवी होती. मासळी वायरच्या पिशवीत, कारण ती नळाखाली धुता येते. मटणाला झाकणाचा डबा, दह्याला स्टीलचा. त्या बाजाराला निघायच्या तेव्हा आधी पिशवी हातात घ्यायच्या, मग काय आणायचं ते ठरवायच्या. पिशवी भरली की बाजार संपला. मला ते जुनाट वाटायचं. एकदा त्यांनी ऑफिसला निघताना वायरची पिशवी माझ्या पर्सशेजारी ठेवली, येताना चिंबोऱ्या दिसल्या तर घेऊन ये म्हणाल्या. मी ती चपलांच्या कपाटामागे सरकवून निघून गेले. लेडीज डब्यात ती पिशवी मांडीवर घेऊन बसायची मला लाज वाटली. चिंबोऱ्या आणल्या, दोन झबल्यांत. नांगीने दोन्ही फाडल्या आणि एक चिंबोरी डोंबिवलीच्या पुलावर सुटली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. वायरची पिशवी कपाटामागून काढून त्यांनी पुन्हा खिळ्याला लावली.

२०१६ ला भाची लंडनहून आली. दुकानात पिशवी पुढे केली की ती आपोआप हात मागे घ्यायची. तिकडे आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून मोठ्या दुकानांत पिशवीचे पाच पेन्स घ्यायला लागले होते. पाच पेन्स म्हणजे तेव्हाचे साडेचार-पाच रुपये. तिथल्या बड्या सुपरमार्केटांमधल्या पिशव्या त्यानंतर ९५ टक्क्यांहून जास्त घटल्या. मला आश्चर्य वाटलं ते रकमेचं. एवढ्याशा पैशांसाठी इंग्रज माणूस घरून पिशवी आणतो? पुढे कधीतरी वाचलं की वॉशिंग्टनच्या परिसरात एका अर्थशास्त्रज्ञ बाईंनी हेच तपासलं होतं. पिशवी घेतली तर पाच सेंट द्या, असं म्हटल्यावर लोक बदलले. स्वतःची आणली तर पाच सेंट सूट, असं म्हटल्यावर जवळजवळ कोणीच बदललं नाही. खिशातून जाणारं जाणवतं, खिशात येणारं जाणवत नाही.

माझ्यावर मात्र याचा उलटा परिणाम झाला. आमच्याकडच्या मॉलमध्येही काउंटरवरचा मुलगा ‘मॅडम, बॅग?’ विचारायचा आणि पावतीत पिशवीचे पैसे लागायचे. मी ते देऊन मोकळी व्हायची. पैसे मोजले म्हणजे पाप फिटलं. फुकटची पिशवी घेताना थोडंसं टोचायचं, तेही विकतची घेताना टोचेनासं झालं.

मग २०१८ आलं. २३ मार्चला अधिसूचना निघाली आणि तीन महिन्यांनी, २३ जूनपासून अंमलबजावणी. या वेळी मायक्रॉनची पळवाट नव्हती. प्लास्टिकची पिशवी, मग ती जाड असो की पातळ, बंद. पहिल्यांदा सापडलात तर पाच हजार दंड, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. मी पेटून उठले. दारामागची पिशव्यांची पिशवी उतरवून रिकामी केली आणि एका दुकानातून रंगीबेरंगी कापडी पिशव्यांचा गठ्ठा आणला. हलक्या, स्वस्त, मऊ. एक खिडकीशी टांगली होती. पावसाळा संपून ऊन पडायला लागलं तसा तिचा भुगा व्हायला लागला. हात लावला की पांढरी कुसळं बोटांना लागायची. तेव्हा कळलं की ते कापड नव्हतंच. पॉलिप्रॉपिलीनचे तंतू उष्णतेने एकमेकांना चिकटवून केलेला तो पत्रा. धागा नाही, विणकाम नाही, म्हणून नाव नॉन-वोव्हन, आणि त्याच बंदीत तेव्हा तोही बंद होता. प्लास्टिक सोडायच्या उत्साहात मी प्लास्टिक विकत घेऊन आले होते, आणि तेही उन्हाने कुसकरून जाणारं.

पण त्या पावसाळ्यातली खरी चूक पिशवीची नव्हती, तोंडाची होती. स्टेशनच्या पूर्वेला एक मावशी बसायच्या, मुरबाडकडून भाजी आणायच्या. मी वर्षानुवर्षं त्यांच्याकडची गिऱ्हाईक. एका संध्याकाळी त्यांनी माझ्याआधीच्या बाईला गोणपाटाखालून काढून झबल्यात वांगी दिली. मी म्हटलं, ‘अहो मावशी, बंदी आहे ना? तुम्ही ठेवताच कशाला? तुम्ही ठेवल्या नाहीत तर लोक आपोआप घरून आणतील.’ आजूबाजूच्या दोघी-तिघींनी माना डोलावल्या. मला बरं वाटलं. मग मी अर्धा किलो भेंडी, पाव किलो मिरच्या आणि कोथिंबीर मागितली. मावशींनी तोलून पारड्यातच ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या हातात पर्स होती आणि छत्री होती.

‘पिशवी?’ त्या म्हणाल्या.

मी पर्स उघडली, बंद केली. मावशींनी गोणपाटाखाली हात घातला, पण पिशवी काढली नाही. म्हणाल्या, ‘ताई, पिशवी तुमाला पायजे. मी न्हाई दिली तर तुमी त्या पलीकडच्याकडं जाता, त्यो देतो. मुन्शिपाल्टीची गाडी आली की पावती मात्र माजी फाटते. माजा आख्खा दिवसाचा धंदा पाच हजाराचा न्हाई.’ आणि मग पिशवी काढून भेंडी भरून दिली.

कायद्याने दंड गिऱ्हाईकालाही होता. पण पर्स घेतलेल्या बाईला रस्त्यात अडवून पाच हजार मागताना मी कुणाला पाहिलं नाही. टोपली घेऊन जमिनीवर बसलेल्या बाईला अडवणं सोपं. आणि मावशींचं म्हणणं खोटं नव्हतं. महिन्याभरापूर्वी एकाने पिशवी नाही म्हटल्यावर मी खरंच शेजारच्याकडे गेले होते. पिशवी फुकट मिळते असं आपण म्हणतो, पण ती विकणारीच्या नफ्यातून येते आणि धोकाही तिचाच. मी काही दिवस त्या बाजूने जायचंच टाळलं. दुसऱ्या जिन्याने उतरायची.

पुढच्या संक्रांतीला मी प्रायश्चित्त घ्यायचं ठरवलं आणि त्याच्यातून पुढची चूक निघाली. हळदीकुंकवाला वाण म्हणून कापडी पिशव्या वाटल्या, खऱ्या सुती कापडाच्या, वर ‘प्लास्टिकला नाही म्हणा’ छापून. कल्पना फक्त मलाच सुचली असं वाटत होतं. त्या रथसप्तमीपर्यंत मी जिथे जिथे हळदीकुंकवाला गेले तिथून कापडी पिशवी घेऊन आले. एका घरी तर मीच दिलेली पिशवी मला परत आली, आत तिळगूळ घालून. बँकेने दिली, लग्नांतून आली, कॅलेंडरसोबत आली. दारामागच्या खिळ्यावर पुन्हा पिशव्यांची पिशवी टांगली गेली. या वेळी आत सगळं सुती. आणि मी स्टेशनवर उतरले की हात रिकामेच.

माझा मुलगा इंजिनीअर आहे आणि त्याला आईला आकडे ऐकवायला आवडतं. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ साली हिशेब काढला होता. कापूस पिकवणं, त्याला पाणी, सूत, विणकाम हे सगळं धरून, हवामानावरच्या परिणामात सुती पिशवी एका झबला पिशवीच्या बरोबरीला यायची तर ती १३१ वेळा वापरायला हवी. कागदीही फुकटची नाही: तीन वेळा. डेन्मार्कने २०१८ साली काढलेल्या हिशेबात हवामानाचा परिणाम धरला तर सुती पिशवी ५२ वेळा, आणि पाणी, ओझोन वगैरे सगळं धरलं तर ७,१०० वेळा. दोन हिशेबांत एवढा फरक का, यावर तो आणि मी वाद घातला. मी म्हटलं, यात कुठेच गटारात अडकलेली पिशवी धरलेली नाही, ना गाईच्या पोटातली. तो म्हणाला, खरं आहे, पण तुझ्या खिळ्यावरच्या पिशव्या एकदाही वापरलेल्या नाहीत, त्यांचा हिशेब कसाही केला तरी शून्याने भागायचं आहे. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच सुमारास लक्षात आलं की घरात प्लास्टिकच्या पिशव्या आता विकत येतात. भाजीच्या पिशव्या कमी झाल्या तशी केराला अस्तर नाही म्हणून काळ्या पिशव्यांची रिळं यायला लागली. कॅलिफोर्नियातल्या शहरांनी झबल्यांवर बंदी घातल्यावर तिथेही केराच्या छोट्या पिशव्यांचा खप वाढला आणि वाचलेल्या प्लास्टिकपैकी चौथ्या भागाहून जास्त असं परत आलं. मग मी ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या हिरव्या पिशव्या आणल्या आणि गॅलरीतल्या खताच्या टोपल्यात ओल्या कचऱ्यासकट पुरल्या. बाकीचं खत झालं. पिशव्या थोड्या मऊ पडल्या, बास. अशा पिशव्या ५८ अंशांच्या आसपास तापणाऱ्या मोठ्या कारखानी ढिगात कुजतात अशी त्यांची चाचणी असते. माझं टोपलं हिवाळ्यात कोमटसुद्धा होत नव्हतं. शेवटी ओल्या कचऱ्याच्या डब्यात वर्तमानपत्राची घडी घालायला लागले, जी सासूबाई पूर्वी घालायच्याच. सुक्या कचऱ्याला अस्तर लागतच नाही, हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली.

तरी मूळचा प्रश्न तसाच होता: स्टेशन, संध्याकाळ, रिकामे हात. मी स्वतःला विसराळू समजत होते. मोबाइलमध्ये आठवण लावली, दाराच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवली. मग एका संध्याकाळी भाजी ओट्यावर ओतताना काहीतरी दिसलं. त्या दिवशी सकाळी मी पिशवी आठवणीने नेली होती. आता ती रिकामी होऊन ओट्यावर पडली होती. उद्या तिची घडी होईल, परवा ती दारामागच्या खिळ्यावर जाईल आणि तिथून पुन्हा बाहेर पडायला कुणालातरी मुद्दाम आठवावं लागेल. निघताना विसरणं ही चूक नव्हतीच. पिशवी परत पर्सपर्यंत पोचत नव्हती. मी सकाळी आठवण्यासाठी धडपडत होते आणि दोर संध्याकाळी ओट्यावर तुटत होता.

तेव्हापासून घरात नियम झाला: भाजी ओतली की हात धुवायच्या आधी पिशवीची घडी, आणि घडी थेट पर्समध्ये. ओली असली तर चपलांच्या कपाटाच्या हुकाला. चपला घालताना ती हाताला लागतेच. यासाठी मी जुन्या नारायण पेठ साडीच्या दोन पिशव्या शिवल्या, बिनअस्तराच्या, मुठीत मावणाऱ्या. छापील वाणाच्या पिशव्या चांगल्या जाड होत्या, म्हणून पर्समध्ये राहत नव्हत्या. पिशवी पर्सच्या चोरकप्प्यात गेली नाही तर ती जाणारच नाही, एवढं शिकायला आधीचा सगळा खर्च झाला.

दुसरी गोष्ट तर रोज माझ्या खांद्यावरच होती आणि दिसत नव्हती. संध्याकाळी घरी परतताना माझा जेवणाचा डबा रिकामा असायचा. तीन पुडांचा स्टीलचा डबा, डब्यांच्या पिशवीत. मिरच्या, आलं, लिंबं, कढीपत्ता, एवढंच काय, पाव किलो दहीसुद्धा त्यात मावतं. सगळ्यात जास्त छोट्या पिशव्या याच वस्तूंना लागायच्या: पाच रुपयांच्या मिरच्यांना एक पिशवी, दहाच्या कोथिंबिरीला एक. पहिल्यांदा मी गाड्यासमोर डबा उघडला तेव्हा आतल्या आमटीच्या वासाने मी ओशाळले. भाजीवाला हसला आणि मिरच्या टाकून मोकळा झाला. पुढे ऑफिसातच डबा विसळून निघायला लागले.

आणि एक बारीक गोष्ट. ‘पिशवी नको’ कधी म्हणायचं, याला महत्त्व आहे. भाजी पारड्यात असताना म्हटलं तर त्याचा हात हुकाकडे निघालेला असतो आणि मग तो ‘असू दे ना ताई’ म्हणतो. गाड्यापाशी उभी राहतानाच पिशवी उघडून समोर धरायची, भाव विचारायच्या आधी. तो हात मग हुकाकडे जातच नाही. मावशींकडे पुन्हा जायला लागले तेही असंच, आधी पिशवी उघडून. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही. दोन कढीपत्त्याच्या काड्या जास्त टाकल्या.

निवृत्तीनंतर यातलं बरंचसं ढासळलं. डबा नाही, स्टेशन नाही. नवरा सकाळी फिरायला जातो आणि येताना नारळपाणीवाल्याकडून, केळीवाल्याकडून काहीबाही आणतो. त्याच्या ट्रॅक पँटला खिसे आहेत, पण त्यात किल्ल्या आणि फोन. पिशवीसाठी जागा कर म्हटलं की त्याला मी सासूबाईंसारखी वाटते. पावसाळ्यात दहा मिनिटांत घरपोच सामान मागवतो तेव्हा कागदी पिशव्यांचा ढीग साठतो, आणि त्या भिजून फाटल्यावर तीनदा वापरण्याची गोष्टच उरत नाही. रविवारी मासळीवालीकडे मी डबा घेऊन जाते, पण सुरमई साफ केल्यावर ती सवयीने आधी काळ्या पिशवीत घालते आणि मग ती पिशवी डब्यात. तिला दर रविवारी सांगते. ती ‘हो गं बाय’ म्हणते आणि पुढच्या रविवारी तेच.

वाणाच्या त्या छापील पिशव्यांचं काय करायचं, हे मात्र सुटलं. त्या मी मावशींना नेऊन दिल्या. ज्याच्याकडे पिशवी नाही त्याला त्या देतात, ‘उद्या आणून द्या’ म्हणून सांगतात. निम्म्याहून जास्त परत येत नाहीत. परवा विचारलं तर म्हणाल्या, ‘संपल्या, ताई. अजून हायत का?’ आहेत. संक्रांत दरवर्षी येते.